वाहनावरची वीज : आधी हिशेब, मग खरेदी

मुक्कामी पोहोचल्यावर ज्यांचे खरे काम सुरू होते, अशी वाहने महाराष्ट्रात वाढत आहेत. दुर्गम पाड्यांवर जाणारा फिरता दवाखाना, जनावरांवर उपचार करणारे फिरते पथक, पुस्तकांची गाडी, संध्याकाळी चौकात उभी राहणारी खाऊगाडी, आणि राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून लोकांच्या डोळ्यांत भरू लागलेल्या कॅरव्हॅन. या सगळ्यांना इंजिन बंद झाल्यावर वीज लागते. लसीचा फ्रिज थंड राहिला पाहिजे, पंखा फिरला पाहिजे, दिवा आणि लॅपटॉप चालला पाहिजे. त्यासाठी दुसरी बॅटरी आणि छतावर सौर पॅनेल हा मार्ग आज सहज मिळतो. पण तो घेणारा माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, ‘किती वॅटचे पॅनेल बसवू?’ तो प्रश्न मुळात शेवटचा आहे, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. दिवसाला किती वीज लागते, ती किती काळ साठवायची आणि वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात ती कुठून आणायची, हे तीन प्रश्न त्याच्या आधी येतात. त्यांची उत्तरे मिळाली की पॅनेलचा आकडा आपोआप समोर येतो. ती न शोधता केलेली खरेदी पहिल्या पावसाळ्यात किंवा दुसऱ्या उन्हाळ्यात उघडी पडते.

घराच्या बाबतीत ही चूक निभावून जाते, कारण घरामागे महावितरणची तार उभी असते आणि गच्चीवर आणखी चार पॅनेल चढवता येतात. वाहनाच्या छताला मर्यादा आहे. आजच्या चांगल्या सिलिकॉन पॅनेलच्या दोन चौरस मीटर जागेतून चारशे वॅटच्या आसपास वीज मिळते. मध्यम व्हॅनच्या छतावरून हवेची खिडकी, कॅरिअर आणि कडांचा गोलवा वजा केला, तर चारशे ते आठशे वॅट बसतात. आठशे वॅट बसले आणि दिवसाला पाच तास पूर्ण तीव्रतेचे ऊन धरले, तरी उष्णता, धूळ आणि वायरिंगमधली घट जाऊन हाती साधारण तीन युनिटे येतात. एक टनाचा एसी तापलेल्या पत्र्याच्या गाडीत रात्रभर चालवायचा तर सहा-सात युनिटे लागतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे इथे आकड्यांनी सिद्ध होते. सौर पॅनेलवर गाडी पळवण्याच्या कल्पनेचेही तसेच आहे. ऑस्ट्रेलियात १९८७ पासून होणाऱ्या शर्यतीत सौर गाड्या डार्विनपासून ॲडलेडपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटर धावतात, पण त्या गाड्या केवळ ऊन पकडण्यासाठी घडवलेल्या आणि अतिशय हलक्या असतात. सामान आणि माणसे वाहणाऱ्या गाडीला छतावरची तीन युनिटे जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर नेतील. तीच तीन युनिटे उभ्या गाडीतला दवाखाना दिवसभर चालवू शकतात. छतावरची वीज कुठे शोभते, याचे उत्तर या तुलनेत आहे.

म्हणून सुरुवात गरजेच्या यादीपासून. फिरत्या दवाखान्याचे उदाहरण घेऊ. औषधांचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना पन्नास वॅट घेतो आणि उन्हाळ्यात निम्मा वेळ चालू राहतो, म्हणजे दिवसाला ६०० वॅट-तास. तीस वॅटचे दोन बीएलडीसी पंखे आठ तास चालले तर ४८०. वीस वॅटचे एलईडी दिवे पाच तास, १००. लॅपटॉप आणि प्रिंटर मिळून साठ वॅट, चार तास, २४०. नेब्युलायझर आणि मोबाइल चार्जिंगला ८०. बेरीज १,५०० वॅट-तास, म्हणजे दीड युनिट. इन्व्हर्टर आणि वायरमधली दहा टक्के गळती धरली की १,६५०. ही यादी करतानाच पैसे वाचू लागतात. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो, त्याजागी बीएलडीसी पंखा लावला की निम्म्याहून अधिक वीज वाचते. बारा व्होल्टवर थेट चालणारा फ्रिज घेतला की इन्व्हर्टर चोवीस तास चालू ठेवावा लागत नाही, आणि काही काम नसतानाही इन्व्हर्टर जी वीज खात राहतो ती वाचते. गरजेतून कमी केलेला प्रत्येक वॅट-तास बॅटरी, पॅनेल आणि वायर अशा तिन्ही ठिकाणचा खर्च कमी करतो. एवढा स्वस्त उपाय पुढच्या कोणत्याही टप्प्यावर मिळत नाही.

यादी हाती आली की साठवणीचा प्रश्न येतो आणि पहिला मोह समोर उभा राहतो. गाडीत बॅटरी आहेच, तीच थोडी मोठी टाकली तर? सेल्फ मारण्यासाठी असलेल्या बॅटरीच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. काही सेकंद शेकडो अँपिअर देऊन लगेच पुन्हा भरून घेणे, हे तिचे काम. तिला रोज निम्मी रिकामी केली तर ती काही महिन्यांत बसते, आणि त्याआधी एखाद्या सकाळी गाडीच सुरू होत नाही. मुक्कामाच्या वापरासाठी जाड प्लेटांची, खोलवर उतरू शकणारी वेगळी बॅटरी लागते आणि ती मूळ बॅटरीपासून अलग ठेवावी लागते. शिसे-आम्ल बॅटरी गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये बनवली. तिची उणीव मात्र आजही तीच आहे, निम्म्याहून जास्त उतरवली की आयुष्य झपाट्याने घटते. शिवाय तिच्यावर लिहिलेले अँपिअर-तास संथ वापरासाठीचे असतात. वीस तासांच्या मापाने १०० अँपिअर-तास म्हणजे वीस तास सलग पाच अँपिअर. तीच बॅटरी एका तासात रिकामी करू गेलो तर हाती बरेच कमी येते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीत ठेवणे तर टाळावेच. तिच्यातले आम्ल हिंदकळते, आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन बंद जागेत चार टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. शिसेच वापरायचे असेल तर सीलबंद, पाणी न लागणारी आणि खोल वापरासाठी बनवलेली बॅटरी घ्यावी.

दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेटचा. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात या पदार्थाचे काम पुढे आले. लिथियम-आयन बॅटरीवरील कार्यासाठी त्यांना आणखी दोघांसह २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ३.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात, म्हणून बारा व्होल्टच्या वायरिंगला ही बॅटरी सहज जुळते. ती ऐंशी टक्के वापरली तरी तिचे आयुष्य फारसे घटत नाही. आपल्या दवाखान्याला दीड दिवसाचा साठा हवा असेल तर सुमारे २,४७५ वॅट-तास हाताशी लागतात. शिशाच्या बॅटरीची निम्मीच क्षमता वापरायची, म्हणून ४१० अँपिअर-तासांच्या आसपास बॅटऱ्या घ्याव्या लागतील, आणि शंभराची एक साधारण तीस किलोची, म्हणजे एकूण वजन सव्वाशे किलोच्या घरात. लिथियम फॉस्फेटमध्ये २४० अँपिअर-तास पुरतात आणि वजन तीस किलोच्या आसपास राहते. सव्वाशे किलोत दोन माणसांचे किंवा औषधांच्या पेट्यांचे वजन आले. दोन चाकांच्या ट्रेलरवर हे ओझे चुकीच्या टोकाला गेले तर गाडीचा तोलही जातो.

लिथियम महाग आहे हा आक्षेप खरा आहे, पण तो किमतीच्या पाटीपाशी थांबतो. खरी तुलना बॅटरी आयुष्यभरात किती वीज परत देते याची. सीलबंद शिशाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी दर वेळी निम्मी वापरून पाचशे-सहाशे फेऱ्या टिकली तर एकूण तीनशे ते साडेतीनशे युनिटे देते. तेवढ्याच आकाराची लिथियम फॉस्फेट बॅटरी दर वेळी ऐंशी टक्के वापरून अडीच हजार फेऱ्या टिकली तर अडीच हजार युनिटांहून अधिक देते. हे प्रमाण सातपटींचे आहे, आणि दोघींच्या किमतीत एवढे अंतर नाही. रोज चालणाऱ्या दवाखान्याने किंवा खाऊगाडीने म्हणूनच लिथियमकडे जावे. वर्षातून दोन-तीन सहली करणाऱ्या कुटुंबाच्या ट्रेलरचा हिशेब मात्र वेगळा लागतो. तिथे बॅटरी वापराने झिजण्याआधी वयाने म्हातारी होते, अडीच हजार फेऱ्या कधीच पूर्ण होणार नसतात आणि सीलबंद शिशाची बॅटरी योग्य ठरू शकते. अट एकच, ती भरून ठेवायची आणि मधल्या महिन्यांत छोट्या पॅनेलने भरलेली राखायची. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

दुसरा आक्षेप आगीचा, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. २०२२ मध्ये देशात विजेच्या स्कूटरना लागलेल्या आगींनंतर एआयएस-१५६ हे बॅटरी सुरक्षेचे मानक कडक झाले. सुधारित नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. लिथियमच्या सगळ्या बॅटऱ्या मात्र एकसारख्या नाहीत. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलपेक्षा लोह-फॉस्फेटचा सेल जास्त तापमानापर्यंत स्थिर राहतो आणि बिघडला तरी कमी उष्णता बाहेर टाकतो. झोपण्याच्या जागेखाली बॅटरी ठेवायची असेल तर हा फरक निर्णायक आहे. पण रसायन चांगले असले म्हणजे बांधणी चांगली असतेच असे नाही. सुटे सेल आणून पॅक बांधून देणारे कारागीर आता अनेक शहरांत आहेत. त्यांच्याकडून घेताना सेल नवे आहेत का, प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी बीएमएस किती अँपिअरची आहे, जादा तापमानाला ती चार्जिंग तोडते का, हे विचारावे आणि भरलेली बॅटरी ठरावीक भारावर रिकामी करून क्षमता मोजून घ्यावी. वाहन चालवणाऱ्या बॅटरीसाठीचे मानक गाडीतल्या मुक्कामाच्या बॅटरीला आपोआप लागू होत नाही, म्हणून ही चौकशी ग्राहकाने स्वतः करायची आहे.

साठा ठरला की मग पॅनेल. महाराष्ट्र साधारण साडेपंधरा ते बावीस उत्तर अक्षांशांत आहे, म्हणून सूर्य वर्षभर पुरेसा उंच असतो आणि छतावर सपाट पडलेले पॅनेल युरोपातल्याइतके तोट्यात जात नाही. तोटा होतो तो उष्णतेने. पॅनेलवरचे वॅट पंचवीस अंश सेल-तापमानाला मोजलेले असतात. एप्रिलमध्ये नागपूर-चंद्रपूरकडे पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापते आणि दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घट धरली तर बारा ते सोळा टक्के वीज तिथेच जाते. छत आणि पॅनेल यांच्यात काही सेंटिमीटर हवेची फट ठेवली तर पॅनेल थंड राहते आणि छतावर सावली पडून गाडीही कमी तापते. छताला चिकटवायची लवचिक पॅनेले हलकी असतात, पण त्यांना ही फट मिळत नाही आणि काचेच्या पॅनेलइतकी ती टिकत नाहीत. खरी परीक्षा आषाढ-श्रावणात होते. उन्हाळ्यात पुण्यात दिवसाला सहा-सात तासांएवढे पूर्ण ऊन मिळते, जुलै-ऑगस्टमध्ये ते चारच्या आसपास येते, आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर सलग ढग असले तर दोनच्याही खाली जाते. उन्हाळ्यातल्या उन्हाने आपल्या दवाखान्याला चारशे वॅट पुरतात. तेच पॅनेल कोकणातल्या पावसात, सरासरी साडेतीन तास ऊन धरले तर, हजार-अकराशे वॅट-तास देते. रोज सहाशेची तूट राहते.

ही तूट भरायला छतावर आणखी पॅनेल चढवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली सावली. पॅनेलचे सेल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे कॅरिअरच्या दांडीची किंवा झाडाच्या फांदीची लहानशी सावलीही सावलीच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त वीज खाते. मे महिन्यात गाडीला सावली हवी असते आणि पॅनेलला ऊन. यावर उपाय म्हणून एखादे सुटे पॅनेल लांब वायरीने उन्हात मांडावे आणि गाडी झाडाखाली राहू द्यावी. दुसरी गोष्ट चार्ज कंट्रोलर. पीडब्ल्यूएम जातीचा स्वस्त कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. छत्तीस सेलच्या, अठरा व्होल्टच्या लहान पॅनेलला तो चालतो. घरांवर बसणारी तीस-चाळीस व्होल्टची मोठी पॅनेले त्याला जोडली तर निम्मी वीज वाया जाते, म्हणून तिथे एमपीपीटी कंट्रोलरच हवा. बॅटरीची जात बदलली की त्याची सेटिंगही बदलावी लागते. शिशासाठी असलेली जास्त व्होल्टेजची इक्वलायझेशनची पायरी लिथियमला घातक आहे.

उरलेली तूट इंजिनाने भरून निघते, आणि सौरऊर्जेच्या उत्साहात हाच मार्ग विसरला जातो. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांपैकी अनेकांत अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी स्वतःचे व्होल्टेज कमी-जास्त करतो, त्यामुळे दुसरी बॅटरी साध्या रिलेने जोडली तर कधी भरतच नाही. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध कमी असल्याने ती उलट इतका प्रवाह ओढू शकते की अल्टरनेटर तापून जळेल. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवला की दोन्ही प्रश्न सुटतात. तीस अँपिअरचा चार्जर तासाला सुमारे चारशे वॅट-तास भरतो, म्हणजे आपल्या दवाखान्याची पावसातली सहाशेची तूट दीड तासाच्या प्रवासात निघते. गावी पोहोचल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचा प्लग मिळाला तर तिसरा मार्गही खुला होतो. ऊन, इंजिन आणि प्लग या तिघांचा मेळ घातला की चारशे वॅट वर्षभर पुरतात. एकट्या उन्हावर विसंबलो तर आषाढातल्या सलग ढगांच्या दिवसांत आठशेही अपुरे पडतात.

सगळे सामान चांगले आणूनही काम बिघडते ते वायरीत. बारा व्होल्टवर एक हजार वॅट काढायचे तर नव्वद-शंभर अँपिअर वाहतात, जेवढे घराच्या मीटरमधूनही क्वचितच जातात. ट्रेलरमध्ये हा प्रश्न आणखी तीव्र होतो. ओढणाऱ्या गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरमधल्या बॅटरीपर्यंत आठ मीटर, जाऊन-येऊन सोळा मीटर तांबे. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीतून वीस अँपिअर नेले तर १.४ व्होल्ट वाटेतच पडतात. अल्टरनेटर १४.२ देत असला तरी बॅटरीपाशी १२.८ पोहोचतात आणि शिशाची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. सोळा चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट एक तृतीयांश व्होल्टवर येते. म्हणून डीसी-टू-डीसी चार्जर ट्रेलरच्या बॅटरीशेजारी बसवावा, वायर जाड घ्यावी, आणि मोठा भार असेल तर चोवीस व्होल्टची रचना करून प्रवाह निम्मा करावा. प्रत्येक बॅटरीच्या धन टोकापासून हातभर अंतराच्या आत फ्यूज असलाच पाहिजे, कारण शॉर्ट झाल्यावर लिथियम बॅटरी हजारो अँपिअर सोडू शकते. लगचे क्रिम्पिंग पक्के नसेल तर गाडीच्या हादऱ्यांनी तो सैल होतो, तापतो आणि तिथूनच आग सुरू होते. या कामावर वाचवलेले पैसे सर्वांत महाग पडतात.

एवढा हिशेब करण्यापेक्षा छोटा जनरेटर का नको, असे अनेकजण विचारतात. मुंबईतल्या चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅन जनरेटरवरच चालतात आणि दिवसभर एसी चालवायचा असेल तर तो निर्णय आजही समजण्यासारखा आहे. पण दवाखान्याच्या दारात धूर आणि घरघर नको असते, डॉक्टरला स्टेथोस्कोपने छाती ऐकायची असते, आणि दीड युनिटासाठी यंत्र दिवसभर चालवणे म्हणजे कमी भारावर इंधन जाळणे. काहीजण उलट बाजूने म्हणतात, मोजत बसण्यापेक्षा सगळेच दुप्पट बसवू. दुप्पट बॅटरी म्हणजे दुप्पट वजन आणि अडकून पडलेला दुप्पट पैसा. एवढे करूनही वायर आणि फ्यूज जुन्याच मापाचे राहिले तर धोका वाढतो. जादा क्षमता ठेवावी, पण ती कुठे आणि कशासाठी हे ठाऊक असावे.

शेवटी दोन जबाबदाऱ्या. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातल्या फेरफाराबद्दल आहे, म्हणून छतावर किंवा बॉडीत मोठा बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शिशाची बॅटरी भंगारात विकली जाऊन उघड्यावर वितळवली तर ते शिसे आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरते. लिथियम फॉस्फेटमध्ये कोबाल्ट आणि निकेल नसल्याने तिच्या भंगाराला भाव कमी येतो आणि ती फेकली जाण्याची शक्यता जास्त असते. दोन्ही बॅटऱ्या विक्रेत्याकडेच परत द्याव्यात आणि पावती घ्यावी.

पुढची प्रकरणे याच क्रमाने लिहिली आहेत : गरज, साठा, ऊन, इंजिन, वायर, सुरक्षा. घाईत असलेल्या वाचकाने पॅनेलच्या प्रकरणावर उडी मारू नये. आधी कागद घ्यावा, गाडीतल्या प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि तास लिहावेत, आणि ती बेरीज जुलै महिन्यातल्या उन्हाशी ताडून पाहावी. हा एक कागद हातात असलेल्या ग्राहकाला कोणताही दुकानदार चुकीचे सामान सहजासहजी विकू शकणार नाही.